ऊन, पानं आणि वीज : डॉक्टर यान इंगेनहौस यांची ओळख



पाण्यातल्या हिरव्या शेवाळापासून वीज मिळते, असं कुणी सांगितलं तर आपला चटकन विश्वास बसणार नाही. पण २०२२ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच करून दाखवलं. आपल्या पेन्सिल सेलएवढी एक डबी, तिच्यात पाणी, त्या पाण्यात सिनेकोसिस्टिस नावाचे डोळ्यांना न दिसणारे नीलहरित जीव आणि अॅल्युमिनियमचं एक इलेक्ट्रोड. घरातल्या साध्या उजेडावर या डबीने संगणकाची एक छोटी चिप सहा महिन्यांहून जास्त काळ चालवली. सेल बदलावा लागला नाही की प्लग लावावा लागला नाही.

हे वाचल्यावर आम्हाला आठवण झाली ती १८व्या शतकातल्या एका डॉक्टरांची. हिरव्या पानाला हवा शुद्ध करायला ऊनच लागतं हे पहिल्यांदा सिद्ध केलं ते त्यांनी. आणि विजेची यंत्रं बनवण्याचा, तिचे झटके खाण्याचा नादही त्यांनाच होता. ऊन आणि पानं एका हातात, वीज दुसऱ्या हातात, असं त्यांचं आयुष्य गेलं. पण हे दोन हात त्यांच्या हयातीत कधी जुळले नाहीत. ते का जुळले नाहीत, हे समजून घेण्यासारखं आहे. शिवाय हे डॉक्टर आपल्यासारखेच घर सोडून परदेशी राहिलेले होते, म्हणून आम्हाला ते अधिकच जवळचे वाटले.

त्यांचं नाव यान इंगेनहौस. जन्म ८ डिसेंबर १७३०, हॉलंडमधल्या ब्रेडा या गावी. वडील आधी चामड्याचे व्यापारी, पुढे औषधविक्रेते झाले. घराणं कॅथलिक, आणि त्या काळच्या डच प्रजासत्ताकात जोर प्रोटेस्टंटांचा. त्यामुळे मुलाला वैद्यकीचं शिक्षण घ्यायला शेजारच्या प्रांतातल्या लूव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठात जावं लागलं. तिथे १७५३ साली ते डॉक्टर झाले. पुढच्या शिक्षणासाठी ते लायडनला गेले. विजेचा साठा करणारी प्रसिद्ध लेडन जार ज्यांच्या नावाशी जोडली जाते ते मुशेनब्रुक तिथेच शिकवत होते. विजेचं वेड यानना बहुधा तिथेच लागलं असावं.

ब्रेडाला परत येऊन त्यांनी दवाखाना थाटला. चांगला चालतही होता. पण १७६४ साली वडील वारले आणि गावाशी बांधून ठेवणारा धागा सुटला. ब्रेडाजवळ पूर्वी ब्रिटिश सैन्याचा तळ पडला होता, तेव्हा सैन्याचे डॉक्टर जॉन प्रिंगल यांच्याशी या कुटुंबाचा स्नेह जमला होता. प्रिंगल आता लंडनमध्ये बडं प्रस्थ झाले होते. त्यांच्या ओळखीवर यान लंडनला आले. परदेशात पाय टाकताना आधी आलेल्या ओळखीच्या माणसाचा आधार किती मोठा असतो, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

त्या काळी युरोपात देवीच्या रोगाने थैमान घातलं होतं. त्यावर एकच उपाय ठाऊक होता. सौम्य देवी आलेल्या माणसाच्या फोडातला स्राव सुईने निरोगी माणसाच्या कातडीत टोचायचा. त्याला थोडा आजार होई आणि मग तो जन्मभरासाठी सुरक्षित राही. भारतात, विशेषतः बंगालमध्ये, ही पद्धत आधीपासून चालत आली होती. मात्र यात खऱ्या देवीचाच स्राव वापरत असल्याने काही जण दगावतही. यान लंडनच्या अनाथालयात विल्यम वॉटसन यांच्या हाताखाली हे काम शिकले. पुढे हर्टफर्डशरच्या खेड्यांत त्यांनी शेकडो लोकांना देवी टोचल्या.

इकडे व्हिएन्नाच्या राजघराण्यावर १७६७ साली मोठा घाला पडला. महाराणी मारिया तेरेसा यांची एक सून आणि एक मुलगी त्या वर्षी देवीने गेली. महाराणी स्वतःही त्यातून कशाबशा वाचल्या. त्यांनी इंग्लंडच्या राजाकडे जाणकार डॉक्टर मागितला आणि प्रिंगल यांनी यान यांचं नाव सुचवलं. १७६८ साली ते व्हिएन्नाला पोहोचले.

ही जोखीम साधी नव्हती. राजपुत्राला काही झालं असतं तर परक्या देशात या परक्या डॉक्टरचं काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही. आधी गरीब घरांतल्या मुलांना टोचून पाहण्यात आलं. पहिल्या ६५ मुलांना महाराणींनी शनब्रुनच्या राजवाड्यात जेवायला बोलावलं. गरीब मुलांवर आधी प्रयोग करणं आज आपल्याला खटकतं, आणि खटकलंच पाहिजे. पण तो काळ तसा होता. त्यानंतर राजघराण्यातल्या मुलांना टोचण्यात आलं आणि सगळी सुखरूप राहिली. महाराणींनी डॉक्टरांना राजवैद्य केलं आणि आजन्म वेतन बांधून दिलं. १७६९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनेही त्यांना सदस्य करून घेतलं. पोटापाण्याची चिंता मिटली आणि डॉक्टर प्रयोगांकडे वळले.

त्यांचा पहिला जिव्हाळा वीज. त्या काळची वीज म्हणजे घासून मिळणारी स्थितिक वीज. काचेची नळी किंवा गोळा घासायचा आणि ठिणगी काढायची. यान यांनी गोळ्याऐवजी काचेची गोल तबकडी फिरवणारं यंत्र तयार केलं. अशा यंत्राचं श्रेय लंडनचे कारागीर जेसी रॅम्सडेन यांनाही दिलं जातं. १७७३च्या जानेवारीत ते इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात गेले आणि टॉर्पेडो मासा हातात धरून त्याचे झटके त्यांनी स्वतः घेतले. हा आपल्या पाकटासारखा चपटा मासा, पण अंगात वीज असलेला. सजीवाच्या अंगात वीज तयार होते ही गोष्ट म्हणजे त्यांनी स्वतःच्या हातांनी अनुभवली होती.

१७८३ साली तर एक अपघातच झाला. लेडन जारमधला जबर झटका थेट डोक्याला बसला. काही काळ त्यांना लिहिता येईना, आठवेना, नीट विचार करता येईना. पण झोप काढून उठल्यावर त्यांना डोकं नेहमीपेक्षा जास्त तल्लख वाटू लागलं. ही सगळी हकीकत त्यांनी आपले स्नेही बेंजामिन फ्रँकलिन यांना पत्राने कळवली. मनोरुग्णांवर असा झटका वापरून पाहावा, अशी सूचनाही केली.

आता येऊ या १७७९ सालाकडे. १७७५ मध्ये डॉक्टरांनी व्हिएन्नातले वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाउस याकिन यांची बहीण आगाथा मारिया यांच्याशी लग्न केलं होतं. पण १७७९च्या उन्हाळ्यात ते इंग्लंडमध्ये होते. त्याच वर्षी विजेच्या यंत्रावरचा त्यांचा निबंध रॉयल सोसायटीने छापला, आणि त्याच उन्हाळ्यात लंडनपासून सुमारे दहा मैलांवरच्या एका घरात ते पानांचे प्रयोग करत बसले. सुमारे तीन महिन्यांत त्यांनी पाचशेहून अधिक प्रयोग केले.

याला पार्श्वभूमी होती जोसेफ प्रीस्टली यांच्या कामाची. मेणबत्ती जळून खराब झालेली बंद भांड्यातली हवा पुदिन्याचं रोप पुन्हा चांगली करतं, हे प्रीस्टली यांनी १७७१ साली पाहिलं होतं. पण पुन्हा करून पाहिलं की कधी हवा सुधारे, कधी उलट बिघडे. कोडं सुटत नव्हतं.

यान यांनी ते कोडं धीराने सोडवलं. काचेचं भांडं पाण्याने भरायचं, त्यात ताजी पानं घालायची आणि भांडं उपडं ठेवायचं. उन्हात ठेवलं की पानांवर बारीक बुडबुडे जमत आणि वर चढत. तो वायू गोळा करून तपासला की त्यात ज्योत झगझगीत जळे. म्हणजे तो प्राणवायू. तेच भांडं अंधारात ठेवलं की बुडबुडे थांबत आणि पानं हवा उलट खराब करत. मग त्यांनी विचारलं, हे काम उन्हाच्या उजेडाचं की उन्हाच्या उबेचं? म्हणून पानं सावलीत ठेवून विस्तवाची ऊब देऊन पाहिली. काम होईना. म्हणजे उजेडच लागतो. मुळं, फुलं, फळंही तपासली. त्यांच्याकडून हवा शुद्ध होत नव्हती, फक्त हिरव्या भागांकडून होत होती. रात्री झाड हवा बिघडवतं, पण दिवसभरात सुधारतं त्यामानाने फारच थोडी, हेही त्यांनी नोंदवलं. ऑक्टोबर १७७९ पर्यंत पुस्तक तयार झालं. फ्रेंच भाषांतरही पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच केलं.

शाळेत आपण प्रकाशसंश्लेषण शिकतो, त्यातला प्रकाश हा शब्द या माणसाच्या उन्हाळ्यातून आला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

पण श्रेय सरळ मिळालं नाही. उजेडाचं महत्त्व आपल्यालाही स्वतंत्रपणे सापडल्याचं प्रीस्टली यांनी मांडलं. जिनिव्हाचे सेनेबिये यांच्याशीही वाद झाला. यान यांना हे फार लागलं. प्रीस्टली यांचं ऋण त्यांनी स्वतःच्या पुस्तकात उघडपणे मानलं होतं, त्यामुळे दुःख अधिक झालं असणार. पुढची बरीच वर्षं त्यांची काही शक्ती या हक्काच्या भांडणात खर्च झाली.

याच वादात आपल्या विषयाशी थेट जोडलेली एक गोष्ट दडली आहे. पाणी बरेच दिवस उन्हात ठेवलं की भांड्याला हिरवा थर धरतो. पाण्याच्या टाकीत आपण तो नेहमी पाहतो. या थरातूनही प्राणवायूचे बुडबुडे येतात हे प्रीस्टली यांनी पाहिलं होतं, पण हा थर म्हणजे काय ते कळत नव्हतं. यान यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. थेंबावर पातळ झाकण घालून पाहण्याची युक्तीही त्यांनी वापरली. त्यांना दिसले बारीक, गोल, हिरवे जीव, आणि काही चक्क हलणारे. ते हलतात म्हणून ते लहान प्राणीच असावेत, असं त्यांचं मत पडलं. आज आपण त्यांना शैवाल म्हणतो. मत चुकलं, पण निरीक्षण मोलाचं होतं. उन्हावर जगणाऱ्या सूक्ष्म जीवांकडे इतक्या बारकाईने पाहणाऱ्या पहिल्या माणसांपैकी ते एक होते.

मग वीज आणि वनस्पती यांची सांगड त्यांनी कधी घालून पाहिली नाही का? पाहिली, पण उलट्या बाजूने. फ्रान्समधल्या बर्तोलों यांनी १७८३ साली पुस्तक लिहून विजेने झाडं जोमाने वाढतात असं सांगितलं. युरोपभर त्याची चर्चा झाली. विजेचं एवढं वेड असलेल्या यान यांना हे खरं निघालेलं नक्कीच आवडलं असतं. पण त्यांनी प्रयोग केले, रोपांना वीज दिली, न दिलेल्या रोपांशी तुलना केली, आणि विजेने काही फरक पडत नाही असं स्पष्ट लिहून टाकलं. आपल्या आवडत्या गोष्टीविरुद्धही निकाल देण्याचा हा प्रामाणिकपणा आम्हाला त्यांच्या सगळ्या शोधांपेक्षा मोठा वाटतो.

झाडातून वीज काढता येईल का, हा प्रश्न मात्र त्यांना विचारताच आला नसता. त्यांच्या काळची वीज बरणीत साठायची आणि एका ठिणगीत संपायची. सतत वाहणारा बारीक प्रवाह कुणाला माहीत नव्हता आणि तो मोजायचं साधनही नव्हतं.

१७८८ साली ते व्हिएन्नाहून निघाले. पत्नी तिथेच राहिली. १७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीचा भडका उडाला तेव्हा ते पॅरिसमध्ये होते. तिथून निघून ते हॉलंडमार्गे इंग्लंडला आले. मग युरोपात युद्धं पेटली आणि व्हिएन्नाची वाट त्यांच्यासाठी पुन्हा मोकळी झाली नाही. या काळातही काम थांबलं नाही. १७९६ साली वनस्पतींच्या अन्नावर त्यांनी निबंध लिहिला आणि झाडं हवेतल्या कर्बवायूपासून आपलं शरीर बांधतात हे मांडलं.

त्यांची एक चूकही सांगितली पाहिजे. १७९८ साली एडवर्ड जेनर यांनी गायीच्या देवीची लस मांडली तेव्हा यान यांनी तिच्यावर शंका घेतली. जन्मभर जुन्या पद्धतीने टोचलेला हात नव्या पद्धतीला धजेना. आणि गंमत बघा, तीच लस पुढे त्यांच्याच व्हिएन्नातून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा प्रवास करत मुंबईला पोहोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. भारतातली ती पहिली लस.

हे पाहायला डॉक्टर उरले नव्हते. ७ सप्टेंबर १७९९ रोजी विल्टशरमधल्या बोवुड या वाड्यात लॅन्सडाउन यांच्याकडे पाहुणे असताना त्यांचं निधन झालं. शेजारच्या कान गावात त्यांना पुरण्यात आलं. पत्नी शेकडो मैल दूर होती. ज्या बोवुडमध्ये प्रीस्टली यांनी १७७४ साली प्राणवायू शोधला, त्याच बोवुडमध्ये त्यांच्या या प्रतिस्पर्ध्याने डोळे मिटले. आणि अवघ्या सहा महिन्यांनी, मार्च १८००मध्ये, व्होल्टा यांनी रॉयल सोसायटीला पत्राने आपल्या बॅटरीची बातमी दिली. सतत वाहणारी वीज माणसाच्या हाती आली, पण यान यांच्यासाठी ती सहा महिने उशिरा आली.

आता त्या केंब्रिजच्या डबीकडे परत जाऊ. यान यांनी पाहिलेला बुडबुडा म्हणजे काय, हे आज आपल्याला ठाऊक आहे. हिरवा जीव उन्हाच्या शक्तीने पाण्याचा रेणू फोडतो. त्यातून इलेक्ट्रॉन, हायड्रोजनचे प्रभारित कण आणि प्राणवायू सुटतात. इलेक्ट्रॉन वापरून जीव स्वतःचं अन्न बनवतो आणि प्राणवायू बाहेर सोडतो. म्हणजे प्रत्येक बुडबुड्यामागे पाण्यातून काढलेले इलेक्ट्रॉन असतात, आणि वाहते इलेक्ट्रॉन म्हणजेच वीज! त्यातले थोडे पेशीबाहेर पडून इलेक्ट्रोडवर आले आणि तारेतून दुसऱ्या इलेक्ट्रोडकडे गेले की प्रवाह सुरू होतो. सूक्ष्म जीवांपासून वीज मिळते हे डरहॅमच्या मायकेल पॉटर यांनी १९११ सालीच यीस्टवर दाखवलं होतं. ऊन वापरणाऱ्या जीवांवरचं काम त्यानंतरचं.

ही वीज फार थोडी आहे, हे लक्षात ठेवायला हवं. त्या डबीतून सरासरी १.४ मायक्रोअँपिअर प्रवाह ०.७२ व्होल्टला मिळाला, म्हणजे सुमारे एक मायक्रोवॅट. घरातला १० वॅटचा एलईडी दिवा लावायचा तर अशा एक कोटी डब्या लागतील. त्यातला किती भाग जीवांचा आणि किती अॅल्युमिनियमच्या झिजण्याचा, याबद्दल संशोधकांनी दोन्ही शक्यता मांडल्या आहेत. पण दुर्गम ठिकाणी तापमान किंवा ओलावा मोजणारी लहान उपकरणं चालवायला एवढी वीज कामाची ठरू शकते. आणखी एक विशेष म्हणजे ही वीज अंधारातही थांबत नाही, कारण दिवसा साठवलेलं अन्न जीव रात्री वापरतात. झाडांचा दिवसाचा आणि रात्रीचा व्यवहार वेगळा असतो, हे यान यांनी १७७९ सालीच लिहून ठेवलं होतं.

एवढं काम केलेला माणूस प्रीस्टलींइतका प्रसिद्ध का नाही? आम्हाला वाटतं, त्यांना आपला म्हणणारा देशच नव्हता. जन्म हॉलंडचा, मान व्हिएन्नाचा, पुस्तक इंग्रजीतलं, माती इंग्लंडची. परदेशी राहणाऱ्या माणसाचं श्रेय कधी कधी दोन देशांच्या मध्ये पडून राहतं, तसंच काहीसं झालं.

बाथच्या बाजूला सहलीला गेलात तर वाटेत कानला आणि बोवुडला जरूर थांबा. वाडा हंगामात पाहायला खुला असतो आणि प्रीस्टलींची खोलीही तिथे दाखवतात. आणि मुलांना घरी एक प्रयोग करू द्या. मत्स्यालयातली एखादी हिरवी पाणवनस्पती काचेच्या पेल्यात पाण्यात बुडवून उन्हात ठेवा. थोड्या वेळाने बुडबुडे दिसू लागतील. मग पेला अंधाऱ्या कपाटात ठेवून पाहा. हे पहिल्यांदा कुणी नीट तपासलं, ते नाव आता मुलांना सांगता येईल.